पाय स्वच्छ

तपासनीस पलंगाच्या कडेला बसून नखं कापत होते. उजव्या पायाची करंगळी उरकली आणि पाय खाली सोडणार, तोच त्यांचं लक्ष तळव्याकडे गेलं. टाचेच्या जरा पुढे वाटाण्याएवढ्या जागेत कातडी खडबडीत झाली होती आणि तिच्यात चार-पाच काळे ठिपके होते. तपासनिसांनी ते ओल्या फडक्याने पुसले. मग साबण लावून घासले. ठिपके जागचे हलेनात.

दुसऱ्या कुणाला एवढ्यावरून घाम फुटला नसता. पण तपासनिसांची गोष्ट वेगळी होती. जलतरण तलावाच्या दारात लाकडी स्टुलावर बसायचं, आत जाणाऱ्या प्रत्येकाचे तळपाय भिंगातून बघायचे आणि ते ठीक असतील तर ओळखपत्रावर 'पाय स्वच्छ' असा जांभळा शिक्का मारायचा, ही त्यांची नोकरी होती. सतरा वर्षांत एक रजा नाही की एक तक्रार नाही. सभासद त्यांना भिंगकाका म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, हल्ली तोंडावर म्हणू लागले होते, आणि वरवर कपाळाला आठ्या घालणाऱ्या तपासनिसांना ते मनातून फार आवडायचं.

खरं तर भिंग हे नुसतं रुबाबाला होतं. निकाल लागायचा तो अंगठ्यावर. पायाला काही संशयास्पद दिसलं की तपासनीस त्यावर अंगठा रोवायचे आणि विचारायचे, "दुखतं?" समोरचा कळवळला की ती चामखीळ. गप्प राहिला की नुसती राठ कातडी. ही पद्धत त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. चामखीळ निघाली की डॉक्टरांचं पत्र आणेपर्यंत पाण्यात पाऊल टाकायचं नाही, हा दारातल्या फळ्यावरचा चौथा नियम. दर सोमवारी ते तो खडूने पुन्हा गिरवायचे. त्याला जोर यावा म्हणून त्यांनीच खाली भर घातली होती: 'कर्मचाऱ्यांसही लागू'.

ती भर आता त्यांच्या डोळ्यांपुढे नाचू लागली. त्यांनी श्वास रोखला आणि आपल्याच पायावर आपलाच अंगठा रोवला. दुखलं नाही. अजून जोरात रोवला, तरी नाही.

"सुटलो!" ते मोठ्याने म्हणाले.

बाहेरच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. त्यांची बायको घरीच पडदे शिवायची. गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून ती दारात आली.

"कशातून सुटलात?"

"काही नाही. पायाला जरा राठ कातडी आलीय. दुखत नाही."

"बघू." तिने पाय वळवून उजेडाकडे धरला आणि तो वाटाणा दोन बोटांच्या चिमटीत दोन्ही बाजूंनी दाबला.

तपासनिसांची आरोळी ऐकून शेजारच्या घराची खिडकी उघडली.

"चामखीळ आहे," बायको शांतपणे म्हणाली. "माझ्या भावाला झाली होती. हुबेहूब अशीच."

"हळू बोल! शेजारी सभासद आहेत!"

"मग त्यात काय एवढं? डॉक्टरांकडे जा."

"डॉक्टर!" तपासनिसांनी कपाळाला हात लावला. गावात कातडीची डॉक्टर एकच, आणि तिचा दवाखाना तलावाच्या दारासमोर. बाकावर कोण बसलंय ते काचेतून सगळ्यांना दिसायचं. "तिथे मी बसलो तर पाच मिनिटांत मोठ्या बाईंच्या कानावर जाईल. माझं स्टूल जाईल, स्टूल!"

मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय एकाहत्तर, रोज वीस फेऱ्या पोहणाऱ्या. आठ महिन्यांपूर्वी तपासनिसांनी त्यांच्या करंगळीखाली अंगठा रोवला होता आणि बाई "आई गं!" म्हणून उडाल्या होत्या. भरलेल्या रांगेसमोर तपासनिसांनी त्यांना बाहेर काढलं होतं. बाईंनी एकदा विचारलं होतं, "नक्की चामखीळच ना?" आणि तपासनीस म्हणाले होते, "सतरा वर्षं हेच करतोय, बाई. डॉक्टरांपर्यंत जायचीही गरज नाही. चंदेरी चिकटपट्टी लावा, दोन महिन्यांत जाते; मग मलाच पाय दाखवा." बाईंनी पट्टी लावली. दर महिन्याला पाय दाखवायला आल्या, दर महिन्याला कळवळल्या, दर महिन्याला परत फिरल्या. पण घरी न जाता त्या तलावाकाठच्या प्रेक्षकांच्या खुर्चीत बसायच्या आणि लोकरीचं विणता विणता तपासनिसांकडे बघत राहायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, "नियम म्हणजे नियम, मला मान्य. पण तुमच्या पायाला झाली, तर हीच खुर्ची आणि हाच काठ. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर," तपासनीस पुटपुटले.

बायकोने सुस्कारा टाकला. पडद्यांच्या कडा कापायची दातेरी कात्री घेतली आणि चंदेरी पट्टीचा गोल तुकडा कापून पायाला चिकटवला. "दातेरी कड लवकर उकलत नाही," ती म्हणाली. ही खात्री कापडाच्या बाबतीत खरी होती. पाण्याचा अनुभव तिच्या कात्रीला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस रोजच्यासारखे स्टुलावर बसले. रांग उरकली. मग काठावर एक चक्कर मारायची त्यांची पद्धत होती. दाराच्या आत पाय बुडवायचा उथळ हौद होता, जंतुनाशक पाण्याचा. त्यातून अनवाणी गेल्याशिवाय आत जाता येत नसे. तपासनीस त्यातून गेले, पाण्यापासून नेहमीप्रमाणे चार हात राखून चक्कर मारली आणि स्टुलावर परतले. पाय पुसायला घेतला आणि त्यांच्या हातातला टॉवेल गळून पडला. पट्टी पायाला नव्हती.

ते हौदाकडे धावणार, तेवढ्यात तलावाचे तरुण मॅनेजरसाहेब हौदातून चुबुक चुबुक करत आत गेले. साहेबांना सूर मारायची हौस होती. ते ऐटीत उंच फळीवर चढले, हात वर केले आणि टाचा उचलून चवड्यांवर उभे राहिले. खाली तीस सभासद माना वर करून बघत होते.

"साहेबांच्या टाचेला काहीतरी चमकतंय!" पाण्यातून कुणीतरी ओरडलं.

तपासनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांच्या उजव्या टाचेला दातेरी कडांचा चंदेरी गोल चिकटला होता.

खुर्चीतून मोठ्या बाईंचा आवाज आला. पस्तीस वर्षं शाळेचं मैदान गप्प करणारा आवाज तो. "चामखिळीवर लावतात ती पट्टी आहे. मी आठ महिने लावतेय."

जो तो काठाकडे निघाला. कुणी शिडीने चढलं, कुणी नुसतंच कठड्यावर पोट टेकवून. अर्ध्या मिनिटात तलाव रिकामा झाला. मॅनेजरसाहेब फळीवर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची पट्टी सोडवत होते.

"माझी नाही ही! शप्पथ माझी नाही!" त्यांचा आवाज फाटला. "काका! तुम्ही बघा! सगळ्यांसमोर बघा माझा पाय!"

साहेब खाली उतरल्यावर तपासनिसांनी तो बघितला. साहेबांचा तळवा लोण्यासारखा होता. "साहेबांचा पाय स्वच्छ," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मग कुणाची? एकेकाला बसवा. आत्ताच्या आत्ता."

असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. स्वतःच्या पट्टीचा मालक शोधायला तपासनिसांनी तीस जणांचे साठ तळवे तपासले. घामाने अंगठा घसरत होता. दहा-बारा पायांवर राठ ठिपके होते, त्या प्रत्येकावर त्यांनी अंगठा रोवून "दुखतं?" विचारलं आणि प्रत्येकाने "छे" म्हटलं. त्यातला एकजण जरी कळवळला असता तरी तपासनिसांनी त्याचे उपकार मानले असते. पण सगळे स्वच्छ निघाले.

"म्हणजे पट्टी आकाशातून पडली," मोठ्या बाई विणकामावरची नजर न हलवता म्हणाल्या.

"उद्या समोरच्या डॉक्टरीणबाईंना बोलावतो," मॅनेजर म्हणाले. "सगळ्या सभासदांनी यायचं. मोठ्या बाई, तुम्हीसुद्धा. तोवर तलाव बंद."

त्या संध्याकाळी तपासनिसांना जेवण गेलं नाही.

"सांगून टाका," बायको म्हणाली. "चोरी केलीय का? चामखीळ तर झालीय."

"तुला कळत नाही. मी आठ महिने बाईंना बाहेर बसवलंय. आता मीच निघालो म्हटल्यावर सतरा वर्षांची अब्रू काय राहील?"

"आणि डॉक्टरीणबाईंनी तुमचा पाय बघितला तर?"

"माझा कोण बघतोय? तपासनिसाला कुणी तपासत नसतं."

बायकोने नवी पट्टी कापून चिकटवली. कात्री तीच होती. निदान आज साधी कात्री घ्यावी, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी तलावाच्या सभागृहात बाकं मांडली होती. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, हसतमुख आणि भराभर बोलणाऱ्या. तपासनिसांनी आपणहून त्यांच्या हाती भिंग दिलं. त्यांनी ते बाजूला ठेवून दिलं.

"आधी मोठ्या बाई," मॅनेजर म्हणाले. "त्यांची चामखीळ जुनी आहे."

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या बाईंचा पाय मांडीवर घेतला, करंगळीखाली नजर टाकली, दोन बोटांत चिमटा धरून दाबलं. "दुखतं?"

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या.

मग डॉक्टरीणबाईंनी वरून अंगठा दाबला.

"आई गं!"

"चामखीळ नाही ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुरूप आहे. घट्ट बुटाने होतं. वरून दाबलं की दुखतं, चिमटीत धरलं की नाही. शिवाय कातडीच्या रेघा बघा, आरपार गेल्यात. चामखिळीत रेघा तुटतात, काळे ठिपके दिसतात, आणि तिला वरून दाबा, फारसं काही नाही, पण बाजूंनी चिमटा काढा, माणूस ओरडतो. कुरूप कुणाला लागत नाही. तुम्ही हव्या तितक्या पोहा."

तपासनिसांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. वरून दाबलं की कुरूप दुखतं. सतरा वर्षं ते वरूनच दाबत आले होते.

"बाकीचे बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आणि चिमटे सुरू झाले. पहिला सभासद ओरडला. दुसरा गप्प. तिसरी बाई ओरडली, तिच्या मागचा बँकेतला जाडा गृहस्थ तर असा ओरडला की छतावरचं कबुतर उडालं. एकेक आरोळी तपासनिसांच्या काळजात घुसत होती. मॅनेजर कागदावर रेघा मारत होते. तीस जणांत अकरा चामखिळी निघाल्या. अकराही जणांच्या ओळखपत्रांवर, रांगेने, ठळक, जांभळ्या शाईत, 'पाय स्वच्छ'.

"अहो, हे इतके दिवस आत कसे जात होते?" डॉक्टरीणबाई अवाक् होऊन म्हणाल्या. "ओल्या फरशीवरूनच तर पसरते ही. दारात कुणी बघत नाही का?"

मॅनेजर तपासनिसांकडे बघू लागले. तीसही सभासद बघू लागले. आतापर्यंत अंगठ्याने बाहेर काढलेली सगळी माणसं तपासनिसांना आठवू लागली. पाय दुखतो म्हणून प्रामाणिकपणे कळवळलेली बिचारी माणसं. आणि ज्यांना आत सोडलं, ती त्यांच्या नाकासमोरून चामखिळी घेऊन पोहत होती. आपल्याला कुठून लागण झाली, हे आता त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मॅनेजरनी घसा खाकरला. ते मनाने वाईट नव्हते. "असू दे, काका. तुम्ही काय डॉक्टर आहात? पट्टी या अकरांपैकीच कुणाची तरी असणार. विषय संपला. तुमचा पाय काही बघायची गरज नाही."

तपासनीस सुटले होते. स्टूल वाचलं होतं. त्यांनी सुटकेचा श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर मोठ्या बाईंवर गेली. बाई मोजा चढवत होत्या. त्यांच्या तळव्यावर आठ महिन्यांच्या पट्टीने कातडी सोलून लाल झाली होती. मोजा ओढता ओढता त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कळत असणार असं वाटलं होतं हो मला."

तपासनिसांना भडभडून आलं. बाई ओरडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर ते बसून राहिले असते. हे मात्र त्यांच्याने ऐकवेना. ते उठले, बाकावर जाऊन बसले, उजवी चप्पल काढली आणि पाय डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात ठेवला. तळव्यावर दातेरी कडांचा चंदेरी गोल चमकत होता.

"काका!" मॅनेजर किंचाळले. "ती तुमची होती? माझ्या टाचेची?"

"माझी होती," तपासनीस म्हणाले. "बाई, माझं चुकलं. तुम्हाला उगाच बसवलं. आणि मला झाली तेव्हा मी लपवली."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडवून चिमटा काढला. आरोळी सभागृहात घुमली. "बारा," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं नियमाने झालं. बारा जणांवर समोरच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. डॉक्टरीणबाई वाफाळणारं गार औषध लावून चामखीळ गोठवायच्या, आणि त्या काचेतून आतले बारा जण बाहेरच्यांना दिसायचे. तलाव रिकामा करून फरशी घासली गेली.

"पण दारात आता बसणार कोण?" मॅनेजरनी काळजीने विचारलं.

"मी," मोठ्या बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मुलांची नखं तपासलीत. चिमटा काढायचाही सराव आहे."

तपासनीस आपण कधी न दिलेलं वचन पाळायला रोज आले. सगळ्यांसमोर, तलावाकाठी, त्याच खुर्चीत बसले. बाई सकाळी वीस फेऱ्या मारायच्या आणि मग टॉवेल गुंडाळून त्यांच्या स्टुलावर जाऊन बसायच्या. पहिला आठवडा लोक बघून हसले. दुसऱ्या आठवड्यात कुणी हसलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी त्यांच्या मांडीवर लोकरीचा गुंडा आणि सुया आणून ठेवल्या. "नुसतं बसून माणूस वेडा होतो," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे."

तीन महिन्यांनी डॉक्टरांचं पत्र मिळालं. त्या दिवशी तपासनीस नवे बूट घालून, हातात पत्र आणि गळ्यात स्वतः विणलेला वाकडा मफलर अडकवून तलावावर आले. खास आजच्यासाठी घेतलेले बूट गेले पंधरा दिवस ते घरात घालून मोकळे करत होते. ते रांगेत उभे राहिले. सतरा वर्षांत त्यांनी ही रांग या टोकाने कधी बघितलीच नव्हती.

"पत्र," मोठ्या बाई म्हणाल्या. वाचलं. "पाय."

तपासनिसांनी उजवा बूट काढून पाय पुढे केला. बाईंनी जुन्या जागी चिमटा काढला. काही नाही. कातडी गुळगुळीत झाली होती. मग बाईंनी पाय जरा वळवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. करंगळीखाली एक टणक, पिवळट गाठ होती.

"हे काय?"

"कुठे काय?"

बाईंनी शांतपणे त्यावर अंगठा रोवला. "दुखतं?"

"आई गं!" तपासनीस उडाले. रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. तपासनिसांचे डोळे पांढरे झाले. इथे, याच दारात, याच आरोळीवर त्यांनी माणसं घरी पाठवली होती. बाई आपल्याकडे बघताहेत हे त्यांना कळत होतं, पण मान वर करायची हिंमत होईना.

शिक्का ठाप्पकन वाजला. 'पाय स्वच्छ'.

"कुरूप," बाई म्हणाल्या. "बूट बदला. स्टूल उद्यापासून तुमचं. आज सभासद म्हणून आत जा आणि मनसोक्त पोहून या. तीन महिने काठावर काढलेत."

तपासनिसांनी शिक्क्याकडे बघितलं. हौदाकडे बघितलं. हौदापलीकडच्या निळ्या पाण्याकडे बघितलं. ते जागचे हलले नाहीत.

"जा की."

"बाई," ते खाली वाकून कुजबुजले, "मला पोहता येत नाही."

मोठ्या बाईंच्या हातून भिंग सुटून हौदात पडलं.

"सतरा वर्षं?" त्या म्हणाल्या.

"फळ्यावर तसा काही नियम नाही," तपासनीस कसंबसं म्हणाले.

मोठ्या बाईंनी मान वळवून फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्या स्टुलावरून उठल्या, टॉवेल घट्ट खोचला आणि हात पुढे केला.

"खडू द्या."